चिंतामणरावांनी मागितलेले एक वर्ष

चिंतामणराव देशमुख म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी चटकन आठवतात. एक, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. दुसरी, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडणारा बाणेदार माणूस. शाळेतल्या धड्यांपासून वक्तृत्व स्पर्धांपर्यंत या दोन गोष्टी आपण इतक्या वेळा ऐकल्या आहेत, की त्यांच्या पलीकडचे चिंतामणराव फारसे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या आयुष्यातले एक लहानसे, जवळजवळ विस्मरणात गेलेले प्रकरण आज मला वाचकांपुढे ठेवायचे आहे. कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी नऊ महिने ते एक वर्ष देशाच्या सेवेत घालवावे आणि ही सेवा सक्तीची असावी, अशी शिफारस करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. समिती नेमली गेली ती ऑगस्ट १९५९ मध्ये.

हे प्रकरण आज उकरून काढण्याचे कारण साधे आहे. सीमेवर काही घडले, की आपल्या घराघरांत आणि सोसायटीच्या कट्ट्यावर एकच चर्चा सुरू होते. सगळ्या पोरांना दोन वर्षे लष्करात पाठवा, म्हणजे सुतासारखी सरळ येतील, असे एक गट म्हणतो. दुसरा गट म्हणतो, की स्वतंत्र देशात कोणी कोणाला जुंपू नये. इस्रायल, सिंगापूर, दक्षिण कोरिया ही नावे घेतली जातात. चहा संपतो आणि चर्चाही संपते. चिंतामणराव यांपैकी कोणत्याच गटात बसत नाहीत. ते सैनिक नव्हते आणि उपदेशकही नव्हते. ते हिशेबाचे माणूस होते. माझीही उमर बँकेच्या खातेवहीत गेली असल्यामुळे असेल, पण एका हिशेबी माणसाने या प्रश्नाकडे कसे पाहिले, याचे मला पहिल्यापासून कुतूहल आहे.

नाते ते नागपूर

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, ऐन मकरसंक्रांतीच्या सुमाराचा. गाव नाते, रायगड किल्ल्याच्या पायथ्याच्या मुलखातले, महाडजवळचे. त्या वेळचा जिल्हा कुलाबा, आजचा रायगड. घराणे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे आणि वडील वकील. मुलाची बुद्धी असामान्य होती. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत तो सबंध मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. त्या काळी मुंबई इलाख्यात ही शिष्यवृत्ती म्हणजे घराण्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याची गोष्ट असे.

पुढे केंब्रिजचे जीझस कॉलेज. तिथे हा संस्कृतचा पंडित वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकला आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक घेऊन बाहेर पडला. झाडाझुडपांचे हे वेड त्यांना जन्मभर पुरले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिला क्रमांक त्यांचाच. नेमणूक झाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. तिथे त्यांनी वीस वर्षे काढली. उपायुक्त झाले, जमाबंदी अधिकारी झाले, नागपूरच्या सचिवालयात महसूल आणि अर्थ खात्यांचे काम पाहिले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते सचिवांपैकी एक होते.

यातल्या जमाबंदीच्या कामाकडे चरित्रकार फारसे थांबून पाहत नाहीत. मला मात्र ते महत्त्वाचे वाटते. जमाबंदी अधिकाऱ्याला गावोगाव फिरावे लागे. जमिनीचा कस पाहायचा, पीकपाणी पाहायचे, कोण काय पिकवतो आणि त्याच्या हाती काय उरते याचा अंदाज घ्यायचा आणि मग सारा ठरवायचा. केंब्रिजहून आलेल्या एका तरुणाला खेडे दिसले ते नोकरीतल्या या सक्तीमुळे. स्वतःच्या हौसेने तो तिथे किती गेला असता, कोण जाणे.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. महायुद्ध चालू होते, महागाई भडकली होती, बंगालमध्ये माणसे उपासमारीने मरत होती. अशा वेळी चलनी नोटेवर पहिल्यांदा एका भारतीय गव्हर्नराची सही आली. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला ते भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्याच परिषदेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आल्या. १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही गव्हर्नर तेच होते. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्याने त्यांना लोकसभेत पाठवले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १ जुलै १९५५ ला, त्यांच्याच कारकिर्दीत. त्यानंतर आम्हा बँकवाल्यांच्या किती पिढ्या खेड्यांतल्या शाखांत गेल्या, त्याचे मूळ तिथे आहे.

सक्तीविरुद्ध राजीनामा देणारा माणूस

१९५६ चा राजीनामा सर्वांना माहीत आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय झाला. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली, आणि त्यांची न्यायालयीन चौकशी करायला सरकार तयार नव्हते. लोकांना न विचारता, इतकेच नव्हे तर मंत्रिमंडळातही नीट चर्चा न करता, वरून लादलेला निर्णय चिंतामणरावांना मान्य नव्हता. जुलैमध्ये लोकसभेत आपली बाजू मांडून ते बाहेर पडले.

इथेच मला कादंबरीकार म्हणून एक कोडे दिसते. वरून लादलेल्या निर्णयाविरुद्ध सत्तेवर पाणी सोडणारा हा माणूस तीनच वर्षांनी लाखो मुलांवर एका वर्षाची सेवा सक्तीने लादावी असे कसे सुचवतो? हा विरोधाभास आहे, की आपल्याला न दिसलेली सुसंगती?

आधी पार्श्वभूमी पाहू. विद्यार्थ्यांनी समाजसेवा करावी ही कल्पना चिंतामणरावांच्या आधीची. राधाकृष्णन आयोगाने ती मांडली होती, पण ऐच्छिक स्वरूपात. पहिल्या पंचवार्षिक योजनेतही विद्यार्थ्यांच्या एक वर्षाच्या श्रमसेवेचा विचार होता. १९५८ मध्ये पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात पदवीसाठी समाजसेवेची अट घालण्याचा विचार बोलून दाखवला. पुढच्या वर्षी शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ही कल्पना उचलून धरली आणि योजना आखण्यासाठी समिती नेमली गेली. अध्यक्षपदी चिंतामणराव आले. ज्या पंतप्रधानांशी मतभेद होऊन ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते, त्यांच्याच मनातल्या एका कल्पनेचा आराखडा करायला ते बसले. तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. कोणत्या विद्यापीठावर देशाचा किती पैसा खर्च होतो, हे रोज त्यांच्या डोळ्यांखालून जात होते.

समितीने सुचवलेली सेवा निव्वळ लष्करी नव्हती. थोडे लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनतीचे काम आणि सामान्य शिक्षण असे चार पदरी तिचे स्वरूप होते. सगळ्यांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे ती कोणावर होती. शाळा संपवून शेतावर किंवा गिरणीत जाणाऱ्या मुलावर नव्हती. ती होती फक्त कॉलेजात जाऊ पाहणाऱ्यावर. म्हणजे त्या काळातल्या मूठभरांवर.

वेठ आणि सेवा

मराठीत या बाबतीत तीन निरनिराळे शब्द आहेत. पगारासाठी करतो ती नोकरी, मनापासून करतो ती सेवा आणि दुसऱ्याच्या बळजबरीने करावी लागते ती वेठ. सक्तीची सेवा हे प्रकरण मोठे अवघड. नाव सेवेचे आणि रूप वेठीचे. आणि वेठ म्हणजे काय, हे महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावे लागत नाही. सरकारी अंमलदार गावात आला, की त्याचे ओझे वाहायचे, त्याचे निरोप पोचवायचे, रात्री-अपरात्री धावायचे, हे काम वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या महारांच्या गळ्यात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये या वतनाविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा अमलात यायला १९५९ उजाडले. योगायोग असा, की देशमुख समिती नेमली गेली तीही त्याच वर्षी.

आपल्या राज्यघटनेने हा भेद फार बारकाईने केला आहे. तेविसावे कलम वेठबिगारीला बंदी करते. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो, की सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येईल. मात्र ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. या यादीत स्त्री-पुरुष भेदाचा उल्लेख नाही, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे घटनाकारांच्या मते सक्ती हीच मुळात अन्यायाची गोष्ट नव्हती. काहींवर सक्ती आणि काहींना सूट, हा अन्याय होता. ज्या घटना समितीने हे कलम लिहिले, तिच्या एक सदस्य दुर्गाबाई होत्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या, आंध्र महिला सभा उभी करणाऱ्या, पुढे केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झालेल्या याच दुर्गाबाई १९५३ मध्ये चिंतामणरावांच्या पत्नी झाल्या. एका घरात दोन प्रकारची सेवा नांदत होती. एकीची स्वखुशीने तुरुंगापासून सुरू झालेली, दुसऱ्याची सरकारी हुकुमाने जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरलेली.

आता त्या कोड्याचे मला सुचलेले उत्तर सांगतो. चिंतामणरावांच्या समितीने वेठ उलटी करून ठेवली. आजवर ती उतरंडीच्या तळाशी असलेल्यांवर पडत आली होती, त्यांनी ती वरच्या थरावर ठेवली. ज्याच्या शिक्षणावर देश पैसा ओततो, त्याने आधी काही द्यावे. बँकेच्या भाषेत हे कर्ज आहे, आणि कर्जाचा पहिला हप्ता उचल करण्याआधीच मागितला आहे. मुंबईचा निर्णय लोकांचे काही काढून घेण्यासाठी लादलेला होता. ही सक्ती घेणाऱ्याकडून परतफेड मागत होती. असे पाहिले, की १९५६ चे आणि १९५९ चे चिंतामणराव एकच आहेत असे मला वाटते.

योजना का बारगळली

शिफारस स्वीकारली गेली नाही. खर्च झेपणार नाही आणि अंमलबजावणी अवघड आहे, ही त्याची कारणे. ज्या सरकारला पाच वर्षांच्या योजनांसाठी परदेशातून धान्य आणि कर्ज आणावे लागत होते, त्याने दर वर्षी लाखो मुलांची राहण्या-जेवणाची, कपड्यांची आणि मुख्य म्हणजे कामाची सोय कशी करावी? १९६० मध्ये शिक्षणतज्ज्ञ के. जी. सय्यदैन यांना परदेशांतल्या योजनांचा अभ्यास करायला पाठवले गेले. त्यांनी ऐच्छिक सेवेचा सल्ला दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनने आपल्या सक्तीच्या लष्करी सेवेची शेवटची भरती केली. वारा उलट्या दिशेने वाहत होता.

मग १९६२ चे चिनी आक्रमण झाले. त्या धक्क्यात १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली. चिंतामणराव तेव्हा दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे सक्तीचा हा प्रयोग त्यांनी जवळून पाहिला. माझे धाकटे काका त्या पिढीतले. पहाटेची परेड, मापात न बसणारे बूट आणि परेडनंतरचा नाश्ता यांच्या आठवणी ते रंगवून सांगत. परेड चुकवण्यासाठी डॉक्टरचा दाखला कसा मिळवायचा, हेही सांगत. पाच वर्षांत, १९६८ मध्ये, ही सक्ती उठली. २४ सप्टेंबर १९६९ ला राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांपासून आणि पूर्णपणे ऐच्छिक म्हणून. चिंतामणरावांनी मागितलेल्या एका वर्षाचे असे दोन वर्षांत २४० तास झाले.

त्या २४० तासांपैकी माझ्या वाट्याचे मी १९७० च्या दशकाच्या अखेरीस भरले आहेत. एका खेड्यात दहा दिवसांचे शिबिर होते. आम्ही शोषखड्डे खणले आणि ओढ्यापर्यंतचा रस्ता केला. गावकऱ्यांनी आम्हाला पिठले-भाकरी प्रेमाने खाऊ घातली आणि आमच्या कुदळी धरण्याच्या पद्धतीवर पोटभर हसून घेतले. दहा दिवसांत गावाचे काही बिघडले नाही आणि फारसे सुधारलेही नाही. माझा फायदा झाला तो एवढाच, की खेडे ही सिनेमातली गोष्ट नसते हे कळले.

खरे खेडे कळले ते पुढे, नोकरीत. बढती हवी असेल तर अधिकाऱ्याने काही वर्षे ग्रामीण शाखेत काढलीच पाहिजेत, असा बँकांचा नियम होता. मी तीन वर्षे नांदेड जिल्ह्यातल्या एका आडगावी काढली. मनाविरुद्ध गेलो होतो, पण वेठ वाटली नाही. कारण तिथे करण्याजोगे काम होते, त्याचा पगार होता आणि माझ्या आधीचा नि माझ्या नंतरचा अधिकारीही त्याच नियमाने तिथे येणार होता. शेळ्या-म्हशींची कर्जे वाटताना, वसुलीला बांधावरून चालताना जे दिसले, त्यावर मी पुढे लिहीत राहिलो. सलत राही ती एकच गोष्ट. काही सहकारी वशिल्याने किंवा आजारपणाच्या दाखल्यावर शहरातच राहिले आणि बढतीच्या यादीत आमच्याबरोबर दिसले. नियमाचा राग कोणाला नव्हता. राग होता तो सूट मिळवणाऱ्यांचा.

महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या बंधपत्राची कथाही अशीच आहे. शिकून झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करायची, हा नियम उत्तम. पण त्यात वर्षानुवर्षे ठरावीक रक्कम भरून सुटण्याची सोय होती. ज्याच्या वडिलांकडे रक्कम आहे तो सुटला, नाही तो आदिवासी तालुक्यात गेला. पैसे भरून सुटता येते ती सेवा शेवटी वेठच होते.

आजचा हिशेब

आता आजच्या घरात येऊ. बारावीच्या मुलाची किंवा मुलीची आई हा लेख वाचत असेल तर तिच्या मनात पहिला प्रश्न येईल, की एक वर्ष फुकट जाणार का? प्रश्न खरा आहे. पण आपल्याच घरांत वैद्यकीय किंवा इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुले सर्रास एक वर्ष घरी बसतात, कधी दोन. त्याला ड्रॉप घेणे म्हणतात आणि त्यासाठी क्लासला लाखो रुपये भरले जातात. ते वर्ष फुकट गेले असे कोणी म्हणत नाही. म्हणजे अडचण वर्षाची नाही. ते वर्ष कोणासाठी, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. १९५९ मध्ये कॉलेजात जाणारे बहुतेक सुखवस्तू घरांतले होते. आज मोलकरणीची मुलगी, ऊसतोड कामगाराचा मुलगा, घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढतो आहे. त्याचे एक वर्ष म्हणजे घरातली एक कमाई एक वर्ष लांबणे. त्याला त्या वर्षाचे पुरेसे विद्यावेतन न देता जुंपले, तर उलटी केलेली वेठ पुन्हा सुलटी होईल.

आणि लष्कराचे काय? आपले सैन्य आजही स्वखुशीने येणाऱ्यांचे आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची मुदत आली, पण सक्ती आली नाही. भरतीच्या मैदानावर पहाटेपासून धावणारी मुले पाहिली, की आपल्याला जवानांची वाण आहे असे वाटत नाही. लिथुआनियाने २०१५ मध्ये आणि स्वीडनने २०१७ मध्ये लष्करी सक्ती परत आणली. ते छोटे देश, शेजारी बलाढ्य. त्यांचे गणित निराळे. आपल्याकडे तुटवडा आहे तो प्राथमिक आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत, पाणलोटाच्या कामावर, म्हाताऱ्यांची विचारपूस करणाऱ्या हातांचा. म्हणून मला विचाराल तर एक वर्षाची सेवा असावी, ती नागरी असावी, आणि सरकारी खर्चाने उच्च शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला ती सक्तीची असावी. मात्र तिच्या तीन अटी आहेत. काम खरे असले पाहिजे. पोट भरेल इतके वेतन असले पाहिजे. आणि मंत्र्याच्या मुलापासून शिपायाच्या मुलीपर्यंत कोणालाही सूट असता कामा नये. यातली एकही अट पाळता येत नसेल तर ही योजना कागदावरच राहिलेली बरी.

चिंतामणरावांचे पुढचे आयुष्यही कामातच गेले. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा आणि गांधीजींचे विचार संस्कृत श्लोकांत बांधणारा हा अर्थतज्ज्ञ २ ऑक्टोबर १९८२ ला, गांधीजयंतीच्या दिवशी, हैदराबादला वारला.

सबंध आयुष्यात त्यांनी अनेक खाती नीट लावून दिली. हे एक खाते मात्र तसेच उघडे राहिले आहे. शिकलेल्या माणसाच्या नावावर देशाची किती बाकी निघते, ही त्यातली नोंद. ती फेडायला सक्ती हवी की लाज पुरे, हे ज्याने त्याने आपल्या घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाकडे पाहून ठरवावे.